पालिकेच्या बागेत डिसेंबर ते मे स्टेज नको : तुम्हाला काय वाटतं?

मळेकार

विषय बागांचा आहे, महोत्सवांचा नाही, हे आधीच सांगतो.

दिवाळी सरली की गोव्यात कार्यक्रमांचा हंगाम लागतो. इफ्फी हा चित्रपट महोत्सव २००४ पासून नोव्हेंबरात पणजीत भरतो, सेरेंडिपिटी हा कला महोत्सव २०१६ पासून डिसेंबरात. मग लोकोत्सव, कार्निव्हल, शिगमो. या मोठ्या नावांच्या मधल्या जागेत लहानसहान कितीतरी गोष्टी असतात: खाद्यमहोत्सव, फुलांची प्रदर्शनं, बक्षीस समारंभ, ऑर्केस्ट्रा. सगळ्यांना जागा हवी असते, आणि पालिकेची बाग मध्यवर्ती, स्वस्त, वीज-पाणी असलेली. अर्ज येतो, भाडं आणि अनामत भरली जाते, हिरवळीवर मांडव उभा राहतो.

आता पाऊस बघा. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. परतीच्या सरी आटपल्या की मे महिना संपत येईपर्यंत जमिनीला वरून पाणी जवळपास नाहीच. जुलैत तुडवलेलं गवत थोड्या दिवसांत पुन्हा उभं राहतं. जानेवारीत मॅटखाली चार दिवस दडपलेलं गवत पिवळं पडतं ते टँकरचं पाणी मिळालं तरच सावरतं, आणि ते सावरायच्या आत पुढचा मांडव येतो.

मागच्या हंगामात आमच्या वाड्याजवळच्या बागेत कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो होतो. बांबूंसाठी खणलेले खड्डे अर्धवट बुजवलेले. बकुळीच्या खोडात खिळे, त्यांवर तुटलेली झालर. पाण्याचा नळ मुळातून वाकलेला. आणि मॅट पक्की करायला जमिनीत ठोकतात ते लोखंडी काटे माळी उकिडवा बसून एकेक करून गवतातून वेचत होता. म्हटलं, हे कंत्राटदाराचं काम ना? तर म्हणाला, संध्याकाळी पोरं अनवाणी धावतात, कोणाची वाट बघू? हा माणूस रोजंदारीवर आहे.

माझी मागणी अशी. डिसेंबर ते मे हिरवळीवर स्टेज, मांडव, स्टॉल, जनरेटर काही नको. ते मैदानावर जावं, फरसबंद जागेवर जावं. बागेत वर्षभर छोटे कार्यक्रम व्हावेत, लाउडस्पीकरशिवाय. आणि सुधारणा प्रकल्पांचा पैसा आधी पाणी, शौचालय, सावली आणि माळ्यांच्या पगाराला लागावा. कमानी आणि रंगीत दिवे त्यानंतर.

रंगपट

मळेकारबाब, तुमची कळकळ पोचली. मागणी मात्र मान्य नाही.

मी हौशी नाट्यमंडळी आणि घुमट या मातीच्या वाद्यावर आरत्या म्हणणारी पथकं यांच्याबरोबर काम करतो. डिसेंबर ते मे हेच आमचे महिने. जून ते सप्टेंबर उघड्यावर काही करता येत नाही, ऑक्टोबरचा भरवसा नाही. तुमची बंदी कागदावर सहा महिन्यांची दिसते, पण आमच्यासाठी ती वर्षभराची आहे.

मैदानावर जा म्हणणं सोपं आहे. दीडशे-दोनशे प्रेक्षकांचा प्रयोग मोठ्या मैदानाच्या मधोमध लावला तर आवाज विरून जातो, मग तोच लाउडस्पीकर लागतो जो तुम्हाला नको. सभागृहाचं भाडं, लाइट, ध्वनी धरून खर्च आमच्या आवाक्याबाहेर जातो. पणजीची कला अकादमी, जिथे नाट्यगृह आहे, नूतनीकरणासाठी बंद होती ती २०२३ च्या नोव्हेंबरात उघडली. त्या मधल्या काळात लहान संस्था कुठे गेल्या? शाळांच्या हॉलमध्ये, देवळांच्या मंडपात, आणि बागेत.

बाग आणि कार्यक्रम हे नातं आजचं नाही. पणजीच्या चर्चजवळच्या गार्सिया द ओर्ता बागेत बँडस्टँड आहे तो शोभेसाठी बांधलेला नाही. लोकांनी संध्याकाळी यावं, बसावं, संगीत ऐकावं म्हणून आहे. घटनेतही हेच आहे. १९९२ च्या ७४ व्या दुरुस्तीने बारावी अनुसूची आली, तिच्यात पालिकांची कामं दिली आहेत. बारावी नोंद बागा, उद्यानं, क्रीडांगणं यांची आणि लगेच तेरावी सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक गोष्टींना उत्तेजन देण्याची. एकाच पालिकेने दोन्ही करायची आहेत. एकीसाठी दुसरी सहा महिने बंद ठेवा असं कुठे लिहिलेलं नाही.

अजून एक. ज्या बागेत संध्याकाळी काही घडत नाही तिथे सातनंतर बायका-मुली फिरकत नाहीत. त्या बाकांवर मग कोण बसतं हे शहरात राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गवत वाचवताना बाग माणसांच्या हातून जाऊ नये एवढीच भीती.

मळेकार

रंगपट, बँडस्टँड हे उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूने दिलंत. तो पक्का चौथरा आहे, त्याला खड्डे लागत नाहीत, टेम्पो आत आणावा लागत नाही, वाजवणारे स्वतःचं वाद्य हातात घेऊन चढतात. अशा कार्यक्रमाला मी कधीच नको म्हणणार नाही. माझा विरोध हिरवळीवर उभ्या राहणाऱ्या तात्पुरत्या शहराला आहे.

रानमोगरी

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून दोघांनाही थोडं अडवते.

मळेकारबाब, गवत सगळ्यांना दिसतं म्हणून भांडण गवतावर चाललंय. खरं नुकसान मातीत होतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या अर्ध्या मीटरभर मातीत पसरलेली असतात, आणि ती फांद्यांच्या घेराबाहेरही जातात. त्या मातीवरून वजनदार गाडी गेली की मातीतल्या हवेच्या पोकळ्या मिटतात. मुळांना हवा मिळत नाही, पाणी आत मुरण्याऐवजी वरून वाहून जातं. आणि हे सर्वांत जास्त कधी होतं? माती ओली असताना. कोरडी माती त्या मानाने दाब सोसते. म्हणजे डिसेंबरपेक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबर जास्त धोक्याचा, कारण पावसाची ओल अजून खाली असते आणि मांडवांचे ट्रक यायला तेव्हाच सुरुवात होते. तुमच्या बंदीचे महिने गवताच्या हिशेबाने बरोबर आहेत, झाडांच्या हिशेबाने नाहीत.

झाड त्याच वर्षी पडत नाही. चार-सहा वर्षांनी शेंडा सुकायला लागतो, एखाद्या जुलैत वाऱ्यापावसात कोसळतं, आणि आपण म्हणतो वादळाने पाडलं. पणजीत कांपालच्या रस्त्यावर पर्जन्यवृक्षांची जी दाट सावली आहे तिच्याखालून दुपारी एकदा चालून बघा, मग उन्हातल्या पेव्हरवर, म्हणजे सिमेंटच्या फरशीवर, या. अशी सावली तयार व्हायला माणसाचं अख्खं आयुष्य जातं.

दुसरी गोष्ट सुधारणा प्रकल्पांची. बागेत सुधारणा म्हटलं की पहिली गोष्ट पेव्हर येतात, आणि ते झाडाच्या बुंध्याला गळफास लागेपर्यंत नेऊन भिडवतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या बाबतीत आदेश दिला होता: झाडाभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा, खोडांवरचे खिळे, फलक, तारा काढा. आदेश दिल्लीचा असला तरी झाडाची गरज गोव्यात वेगळी नाही. गोव्यात तर झाडांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा १९८४ पासून आहे. पण कायदा तोडीची परवानगी बघतो, मुळांवरचा टेम्पो बघत नाही.

आणि तिसरी गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. एवढी हिरवळ हवीच कशाला? मखमली लॉनला उन्हाळाभर पाणी, कापणी, औषधं लागतात आणि भर दुपारी तिच्यावर कोणी बसत नाही, कारण सावली नाही. त्याच जागेत करंज, उंडी, सातवीण, सुरंगी, बकुळ लावा, खाली पडलेला पाला जाळू नका, तिथेच राहू द्या. मार्चात सुरंगीच्या फांद्यांवर फुलांचे झुबके धरतात तेव्हा त्या झाडाखाली उभं राहिलं की मधमाश्यांचा आवाज वरून सलग येत राहतो. मुलांना हे दाखवायला महोत्सव लागत नाही. गार्सिया द ओर्ता या वैद्याने औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला. त्याच्या नावाच्या शहरी बागेत औषधी झाडांची माहिती देणारी फेरी दर महिन्याला व्हावी, ही माझी उद्यान खात्याकडे मागणी.

खाज्यांचो पसरो

सगळे शिकलेले बोलतायत, मी पण दोन शब्द बोलतो. आमचं कुटुंब खाजी, लाडू, चणे विकतं. आमचं वर्ष जत्रा आणि चर्चच्या फेस्तांवर चालतं, आणि आता त्यात शहरातले महोत्सव आलेत. पावसात चार महिने जवळपास काही नाही. डिसेंबर ते मे बागेत स्टॉल नको म्हणजे आमच्यासारख्यांनी काय करायचं हे कोणीच लिहिलेलं नाही.

पण रंगपटदादा, तुमचंही सगळं खरं नाही. महोत्सवात आम्हाला जागा मिळते असं समजू नका. आयोजक स्टॉलचा दर ठरवतो, चांगले कोपरे मोठ्या आइस्क्रीमवाल्यांना आणि पिझ्झावाल्यांना जातात. आम्हाला फाटकाबाहेर. गोव्याच्या खाज्यांना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, व्यासपीठावर भाषण झालं, आणि खाजी विकणारी माझी आई त्याच फाटकाबाहेर टोपली घेऊन बसली होती.

फेरीवाल्यांचा कायदा २०१४ चा आहे. शहर विक्री समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी आमचे, निवडून दिलेले, असले पाहिजेत, आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. बागेच्या फाटकाजवळ पक्की फरसबंद पट्टी, नळ, कचऱ्याचे डबे, रोजचा ठरलेला दर एवढं दिलं तर मला गवतावर यायचंच नाही. वर्षभर थोडं थोडं विकणं हे तीन दिवस धावपळ करण्यापेक्षा बरं.

आल्तिनोवयलो

ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर नाही. सरकारला वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, तीही सांस्कृतिक किंवा धार्मिक सणाला. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवती १०० मीटरचं शांतता क्षेत्र सरकारला जाहीर करता येतं. बाग देताना हे अर्जावरच छापा आणि मोडणाऱ्याची अनामत जप्त करा. माझ्या आजारी वडिलांची झोप कोणाच्या सांस्कृतिक उत्तेजनापेक्षा कमी महत्त्वाची नाही.

निवृत्त ओव्हरसियर

तीस वर्षं बांधकाम खात्यांत गेली, त्यातली काही नगरपालिकेत. कोणत्या ते सांगत नाही. पैसा कसा चालतो ते सांगतो, कारण सगळ्यांचा राग माळ्यावर किंवा आयोजकावर निघतोय आणि अडचण तिथे नाही.

बागेसाठी दोन प्रकारचे पैसे येतात. एक भांडवली, म्हणजे योजनेतून, अनुदानातून. त्यातून कारंजं होतं, कमान होते, खुली व्यायामशाळा होते. दुसरा महसुली, म्हणजे पालिकेच्या स्वतःच्या तिजोरीतून, आणि त्यातूनच माळी, पाणी, खत, दुरुस्ती चालते. अनुदानात माळ्याचा पगार सहसा बसत नाही. म्हणून दहा वर्षांत तीनदा नवी झालेली बाग आणि तिच्यात दोन माळी, हे चित्र दिसतं. शहरांसाठीची केंद्राची अमृत योजना २०१५ ला आली तेव्हा उद्यानं आणि हिरव्या जागांसाठी अडीच टक्क्यांपर्यंत वाटा ठेवला होता. पैसा आला ही चांगलीच गोष्ट. पण बांधलेलं सांभाळायला वर्षाला किती लागेल हा तक्ता अंदाजपत्रकाला जोडला पाहिजे, आणि तो मंजूर झाल्याशिवाय टेंडर निघता कामा नये. मी असतो तर एवढा एकच नियम आणला असता.

कारंज्याचं बघा. पंप दोन वर्षांत बिघडतो, दुरुस्तीसाठी अंदाजपत्रकात तरतूदच नसते, हौद तसाच राहतो. पावसात त्यात पाणी साचतं, डासांची पैदास होते, डेंग्यूच्या मोसमात आरोग्य खात्याची माणसं येऊन औषध टाकतात. ज्या गोष्टीसाठी फीत कापली तीच बंद करायला दुसऱ्या खात्याचा खर्च.

आता कार्यक्रमाचं भाडं. ते सहसा पालिकेच्या सर्वसाधारण खात्यात जमा होतं. बागेने झीज सोसायची, पैसा रस्त्याला, पगाराला, कशालाही. भाडं आणि जप्त अनामत त्याच बागेच्या देखभालीला राखून ठेवली, तर मळेकार आणि रंगपट यांचं अर्धं भांडण मिटेल असं मला वाटतं. अनामतही कार्यक्रमाच्या आकाराप्रमाणे हवी, आणि परत देण्याआधी माळ्याची सही हवी. इंजिनियरची नाही, माळ्याची. खड्डा कुठे आहे हे त्यालाच माहीत असतं.

एक आकडा ठेवतो. केंद्राच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक सूचनांत दर माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा धरली आहे. पणजी शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ४० हजार. म्हणजे कमीत कमी ४ लाख चौरस मीटर, ४० हेक्टर. त्यात रोज कामाला येणारे आणि पर्यटक धरलेच नाहीत. जागा एवढी मोलाची असताना तीच बाग नाटकालाही, स्टॉललाही, फेरफटक्यालाही लागते. भांडण होणारच. नवी मोकळी जागा मिळवणं हेही उद्यान खात्याचं काम आहे, आणि त्याविषयी या धाग्यावर अजून एक अक्षर नाही.

रंगपट

ओव्हरसियरकाका, भाडं बागेलाच राखून ठेवा, याला माझा पूर्ण पाठिंबा. माळ्याच्या सहीलाही. पण अनामत आकाराप्रमाणे म्हणताना एक बघा. मोठ्या आयोजकाला दोन लाख अनामत म्हणजे काहीच नाही, तो ती खर्चात धरतो आणि नुकसान करून मोकळा होतो. आमच्या मंडळाला पंचवीस हजारही जड. दंडाने श्रीमंताला परवाना मिळतो आणि गरीब बाहेर राहतो. झीज कोणी केली ते बघून ठरवा. चटई टाकून बसणारे दोनशे लोक आणि ट्रस, म्हणजे स्टेजचा धातूचा सांगाडा, आणणारा एक ट्रक यांत फरक आहे.

पर्वरीची लेक

माझी आई चाकाच्या खुर्चीत आहे. तिला बागेत नेणं हा माझा आठवड्यातला एक ठरलेला दिवस. त्यामुळे मी दोन्ही बाजू बघितल्या आहेत.

महोत्सवात वायरींवर पिवळे-काळे रबरी उंचवटे टाकतात, त्यांवरून खुर्ची जात नाही. मॅटची कड चाकात अडकते. पण एका बागेत महोत्सवापुरता लाकडी रॅम्प लावला होता आणि आई प्रथमच त्या चौथऱ्यापर्यंत वर गेली. दोन आठवड्यांनी परत गेलो तर रॅम्प नव्हता. मांडववाल्याचा होता, मांडवाबरोबर गेला. तिने विचारलं, आता पुढच्या वर्षी का?

२०२३ च्या जानेवारीत पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव झाला. शहर आमच्यासाठी उघडलं तर कसं दिसेल हे तेव्हा कळलं. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे आणि त्यात संस्कृती आणि करमणुकीचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. सुधारणा प्रकल्पाची पहिली ओळ रॅम्प, कठडा, रुंद फाटक आणि बसून वापरता येईल असं शौचालय ही असायला हवी. रानमोगरीताई, तुमच्या पाल्याच्या वाटा मला आवडतात, पण पाल्यावरून आणि खडीवरून खुर्ची जात नाही. निदान एक वाट घट्ट आणि सपाट ठेवा. आणि झाडांखालून जाणारी ठेवा, उन्हातून जाणारी नको.

रानमोगरी

ठेवायलाच हवी. पाणी मुरू देणारी, बुंध्यापासून लांबून वळवलेली वाट बनवता येते. मुळांवर खणायचं नाही, वरून भराव देऊन पातळी जुळवायची. खर्च थोडा जास्त, पण हेच खरं सुधारणेचं काम.

मडगांवचो

पणजी म्हणजे अख्खा गोवा नव्हे. मडगावात आमचं लोहिया मैदान आहे. १८ जून १९४६ ला डॉ. राममनोहर लोहियांनी तिथे सभा घेतली, तेव्हापासून ती जागा सभेचीच. कोणी तिथे गुलाब लावा म्हणत नाही. बाग वेगळी, मैदान वेगळं, हे आमच्या जुन्या माणसांना न सांगता कळत होतं. मळेकारांच्या बाजूने माझं मत.

आणि पावसात उघड्यावर काही होत नाही हे रंगपटांचं म्हणणं मला पटत नाही. माशेलला आषाढात चिखलकालो होतो, देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात, भर पावसात, अंगाला तेल लावून. २४ जूनला सांजाव, डोक्यावर फुलापानांची कोपेलं घालून विहिरीत उड्या. ऑगस्टात दिवाडी बेटावर बोंडेरा, झेंड्यांचा सण. आपले पावसातले सण पावसाशी जुळवून घेतलेले आहेत. शहराच्या उद्यान खात्याने नुसत्या कोरड्या महिन्यांचाच विचार का करायचा? बागेत पत्र्याचं नको, मंगलोरी कौलांचं उघडं छप्पर घाला एक. जून ते सप्टेंबर तिथे भजन, नाट्यवाचन, मुलांच्या कार्यशाळा सगळं होईल.

डिचोलीची बाय

कौलारू छपराची कल्पना घ्याच. त्यावर माझं एक.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. गणेश चवथीच्या आधी मुलांना माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधतात त्या फळापानांच्या चौकटीचं, सामान दाखवायला नेते: कांगलां, घागऱ्यो, कवंडळां, फागलां, तोरिंगां, सुपारीचा शिपटा. गावातल्या मुलांना अर्धी नावं येतात. शहरात वाढलेल्या भाचरांना बाजारात वाटे लावलेले दिसतात, वेल कधी दिसत नाही. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेतं, तिथे लोक रानातून किती प्रकार गोळा करून आणतात हे बघून थक्क व्हायला होतं. पण दरवर्षी रानातून तोडून आणायचं आणि लावायचं कोणी नाही, असं किती वर्षं चालेल? बागेच्या कुंपणावर यांतले वेल चढवा. जूनमध्ये मुलांनी बी लावायचं, भाद्रपदात फळ बघायचं. लाउडस्पीकर नको, मांडव नको, खर्च जवळजवळ नाही.

वनमहोत्सव १९५० पासून देशात जुलैत होतो. रोप लावलं, फोटो झाला, आणि जानेवारीत त्याला पाणी कोण घालतं? ज्या शाळेने लावलं तिलाच पुढच्या जूनपर्यंत त्या रोपाची जबाबदारी द्या आणि आठवड्यातून एक तास बाग त्यांच्यासाठी उघडी ठेवा. आमच्याकडच्या एका बागेला दुपारी कुलूप असतं, नेमक्या शाळा सुटतात त्या वेळी. किल्ली ज्याच्याकडे आहे तो माणूस दुसऱ्या कामावर असतो. सामाजिक उपक्रम बहुतेक असेच बंद पडतात.

रंगपट

बाय, तुमचा उपक्रम सुंदर आहे आणि मी येऊन मदत करीन. पण त्याला माणूस लागतो. प्रत्येक बागेला उपक्रम बघणारा एक पगारी माणूस नसेल तर तुमच्यासारखी एक बाई बदलून दुसऱ्या तालुक्यात गेली की वेल वाळले. महोत्सव टिकतात कारण त्यांच्यामागे आयोजक आणि पैसा असतो. छोट्या उपक्रमांना तसं पाठबळ कोण देणार हे ठरल्याशिवाय मोठे कार्यक्रम बाहेर काढले तर बाग नुसती रिकामी होईल.

कोंकण फळ महोत्सवाचं उदाहरण देतो. बोटॅनिकल सोसायटी ऑफ गोवा तो पणजीत भरवते, उन्हाळ्यात, म्हणजे मळेकारांच्या बंदीच्या महिन्यांत. शेतकरी आंबे, फणस, काजू, जांभळं घेऊन येतात, लोक नावं विचारतात, कलमं विकत घेतात. बागेचं खातं ज्यासाठी आहे तेच काम तिथे होतं. मानकुराद आंबा एप्रिल-मेमध्येच पिकतो, त्याला जुलैची तारीख कशी देणार?

मळेकार

सगळं वाचलं. माझी मागणी आता अशी मांडतो.

महिन्यांऐवजी वजनावर बंदी हवी. रानमोगरीताईंनी ओल्या मातीचं सांगितलं ते धरलं तर ट्रक, ट्रस, जनरेटर आणि खड्डे यांना बागेत बाराही महिने मनाई. हातांनी उचलून आणता येईल तेवढंच आत. फळांचे टेबल चालतील, चटया चालतील, घुमट चालेल. प्रत्येक बागेत एक पक्की फरसबंद जागा आणि एक कौलारू छप्पर, तिथे पर्वरीच्या ताईंचा कायमचा रॅम्प. फाटकाजवळ खाजेवाल्यांची पट्टी, दर पालिकेचा, आयोजकाचा नाही. भाडं त्याच बागेच्या खात्यात, अनामतीवर माळ्याची सही. आणि त्या भाड्यातून पहिला खर्च उपक्रम बघणाऱ्या माणसाच्या पगाराचा.

हिरवळीवर मोठं स्टेज मात्र नाही. यावरून मी हटणार नाही.

खाज्यांचो पसरो

दर पालिकेचा, हे लेखी द्या. तोंडी खूप ऐकलंय.

रंगपट

वजनावरची बंदी मला चालेल, महिन्यांवरची चालली नसती. एक अट घाला: फरसबंद जागेची तारीख लहान मंडळांना आधी, मोठ्या आयोजकांना उरलेली. नाहीतर पहिल्याच आठवड्यात डिसेंबर ते मार्च सगळे शनिवार-रविवार विकले जातील आणि आम्ही परत बाहेर. आणि कौलारू छप्पर उभं राहीपर्यंत माझा विरोध कायम समजा. आधी बांधा, मग आम्हाला गवतावरून उठवा.

निवृत्त ओव्हरसियर

अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चात ठरतं. सूचना त्याआधी, डिसेंबरात, आपापल्या नगरसेवकाकडे लेखी द्यायला हवी, आणि पोच घ्यायला विसरू नका. छपराचा आणि रॅम्पचा ढोबळ अंदाज मी काढून देतो, सोबत वर्षाच्या देखभालीचा तक्ताही. मळेकार, मोकळी जागा मोजायला कोणाला तरी घेऊन या, बागेचा नकाशा लागेल. झाडांचे बुंधे आणि फांद्यांचा घेर त्यावर रानमोगरीताईंनी आखून द्यावा, म्हणजे फरसबंदी कुठे नको ते आधीच कळेल.